लेकीच्या घरचं पाणी

माझ्या थोरल्या जाऊबाईंपुढं 'पण' म्हणायची कुणाची टाप नव्हती. सासूबाईंची नव्हती, मामंजींची नव्हती, आणि भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, तर नव्हतीच नव्हती. सगळं घर त्यांना जिजी म्हणायचं. कुणी 'पण जिजी...' असं सुरू केलं की त्या हातातलं काम थांबवायच्या, समोरच्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "माझं तोंड एकच हाय." म्हणजे मी एकदा बोलले, आता वेगळं बोलायला माझ्याकडं दुसरं तोंड नाही. झालं, विषय संपला. मी लग्न होऊन पडेगावात आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी 'पण' म्हणून बसले. आमचे हे आतल्या खोलीत तोंडाला उपरणं लावून हसत होते. मेल्याला आधी सांगता येत नव्हतं का!

दिसायला जिजी काही धिप्पाड नव्हत्या. बुटक्या, काटक, सावळ्या. आवाज घोगरा. अंगणातनं हाक मारली की माणसं तर उठायचीच, पण गोठ्यातली म्हैससुद्धा मान वर करायची. आमचे हे औरंगाबाद शहरात कचेरीत जायचे, छावणीतनं सायकल मारत. शेत मात्र जिजींच्या ताब्यात. नावाला भाऊजी मालक. सालगडी सकाळी भाऊजींना रामराम करायचा आणि काय पेरायचं ते जिजींना विचारायचा.

हा हट्ट नुसता हट्ट असता तर मी त्यांच्यावर चिडून मोकळी झाले असते. पण त्या हट्टानं माणसं वाचलेली होती, हे मला आमच्या शेजारच्या मुसलमान घरातल्या खालांनी सांगितलं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी या घरात नव्हते. जिजी होत्या, नव्या नवरी. निजामाचं राज्य गेलं आणि गावोगाव वाईट वारं सुटलं. कालपर्यंत एक जीव मुठीत धरून होता, आता दुसऱ्याची पाळी. खाला लेकरं घेऊन आमच्या मागच्या दारी आल्या. मामंजी म्हणाले, आत घेऊ नका, आपल्यालाही भोवेल. जिजींचा पदर तेव्हा नाकापर्यंत असायचा. त्या पदरानिशीच त्यांनी धान्याच्या खोलीचं दार उघडलं, खालांना आणि लेकरांना आत घातलं, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसल्या. सासऱ्यांशी पहिल्यांदा बोलल्या ते तेव्हाच, "माझं तोंड एकच हाय. दार उघडायचं नाय." लोक आले, विचारून गेले, पुन्हा आले. जिजी उठल्या नाहीत. गाव निवल्यावरच ती कडी निघाली.

"तेरी जिठानी औरत नहीं है बेटा," खाला मला म्हणायच्या, "किवाड है किवाड. बंद हुआ सो हुआ."

मला ते ऐकून अभिमान वाटायचा. कवाड आतल्या माणसालाही कोंडतं, हे मला पुढं कोकणात कळलं.

पाण्याशी जिजींची एकदाच गाठ पडली होती. शेताकडून येताना ओढ्याला लोंढा आला होता, गाडीत मी होते, माझं तान्हं लेकरू होतं. गडी म्हणाला, "जिजी, मी बैल घालत नाय." जिजींनी त्याला खाली उतरवलं, कासरा हातात घेतला आणि बैलांना अशी काही आरोळी दिली की ते पाण्यात गेलेच. पाणी गाडीच्या साट्याला लागलं, मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. पलीकडं निघाल्यावर जिजी मागं वळून म्हणाल्या, "पाणी काय वाघ हाय व्हय गं? भ्यायचं नाय." सगळ्या गावात त्यांचा बोलबाला झाला. आता खरं सांगायचं तर ओढा आमचाच. सकाळी भरला तर संध्याकाळी पोरं त्यात गोट्या खेळायची. पण जिजींनी पाणी म्हणून काय ते एवढंच बघितलेलं.

एसटीत बसल्या की ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा त्यांची. ती दुसऱ्या कुणी धरली असेल तर उठवायच्या. आणि मग पूर्ण रस्ताभर, "मास्तर, हळू घ्या. मास्तर, म्हसरं हायत पुढं. मास्तर, जागे हाव ना?" एकदा दौलताबादच्या चढावर एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "मावशी, तुम्हीच या इकडं." जिजी खरंच उठल्या! सगळी गाडी हसली. मी पण हसले. पुढं जे झालं ते आठवलं की तेच हसू घशाशी येतं.

जिजींची सुमन एकुलती एक लेक. बापासारखी गोरी, बापासारखीच मऊ. तिचं लग्न सरकारी नोकरीतल्या मुलाशी झालं. प्रभाकरराव नाव, माणूस देवमाणूस. त्यांची बदली कोकणात समुद्रकाठी एका गावाला झाली. त्या गावाचं नाव मी अजून तोंडातनं काढत नाही. सुमनला दिवस गेले आणि जिजींनी जाहीर केलं, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पडेगावात. आणायला त्या स्वतः जाणार, सोबत भाऊजी आणि पोटुशीची उठबस करायला मी.

आता आमच्यातला एक रिवाज सांगायला हवा, तो कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. जेवायचं तर नाहीच नाही. पुष्कळ घरांत लोक यातनं वाट काढायचे, कुणी शेजारच्या विहिरीचं पाणी चालवून घ्यायचं, कुणी चहाला पाणी म्हणायचं नाही. जिजींकडं असल्या वाटा नव्हत्या. त्यांच्या लेखी लेक दिली म्हणजे ते सगळं गावच लेकीचं. विहीर लेकीची, नळ लेकीचा, दुकानातला गूळही लेकीचा.

म्हणून आम्ही निघालो ते फडक्यात दशम्या, तिळाची चटणी आणि एक मोठी पितळी कळशी घेऊन. शेवटच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर जिजींनी कळशी नळाखाली भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि मांडीवर घेऊन बसल्या. वैशाख सरत आला होता. घाटातला रस्ता असा की हाडं मोजून घ्यावीत. "ह्या रस्त्यानं माझी पोरगी मी नेणार नाय," जिजी तिथंच बोलल्या. आणि त्या बोलल्या म्हणजे काय, हे तुम्हाला आता ठाऊक आहे.

सुमनच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. पोरगी बघून बरं वाटलं आणि वाटलंही नाही. पोट मोठं, चेहरा एवढासा. आईच्या गळ्यात पडली, मग सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन आली. जिजींनी नुसतं बघितलं. ती तांब्या घेऊन परत गेली. मी चुलती, मला रिवाज नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्याले आणि वर चहाही घेतला. भाऊजी दारातनं त्या चहाकडं असे बघत होते की मला गिळवेना.

तिथली हवा आमच्या अंगाला सोसणारी नव्हती. वारा म्हणून नाही. रात्रभर घामाच्या धारा लागल्या, आणि भाऊजी आणि जिजी आलटून पालटून कळशीतलं पाणी पीत राहिले. सकाळी फडकं सोडलं तर दशम्यांवर हिरवी बुरशी. कळशी तिरकी केली तेव्हा तळाशी खळखळ वाजली.

प्रभाकरराव बंदरावर जाऊन आले. मोटरलाँच पावसाळ्यासाठी बंद झाली होती. धर्मा नावाच्या तांडेलाचा, म्हणजे नावाड्याचा, एक शिडाचा मचवा तेवढा निघणार होता. पावसाच्या आत त्याला तो घरच्या खाडीत नेऊन वर ओढायचा होता, आणि त्याच्या गावाहून पुढं चांगली सडक होती. "पण आई," प्रभाकरराव म्हणाले, "आभाळ बरं नाही म्हणतात. दोन दिवस थांबा. धक्के न बसणारी एखादी सरकारी गाडी मिळते का बघतो."

"दोन दिवस बिनपाण्याचं ऱ्हायचं का आमी?"

"घरात पाणी आहे की, आई!"

भाऊजी जमिनीकडं बघत होते, त्यांचे ओठ फुटले होते. मला वाटलं, आता तरी हे माणूस बोलेल. एकदा तरी बोला हो, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

"जावईबापू," जिजी म्हणाल्या, "माझं तोंड एकच हाय."

सुमनची ओटी मीच भरली. ती हळूच म्हणाली, "आई, आज नको गं. मला आज कसंतरीच व्हायलंय."

"पहिलटकरणीला रोजच कसंतरी होतं," जिजी म्हणाल्या आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. प्रेमानंच लावलं. प्रेमात त्या कधी कमी नव्हत्या, हेच तर दुखणं आहे.

आमच्याकडं ढग आला की माणसं अंगणात येतात, वर बघून एकमेकांना हाका मारतात. बंदराकडं जाताना मी बघितलं, तिथली माणसं घरात चालली होती. बाप्ये होड्यांना दोर लावून वर ओढत होते, बाया दारांना झावळ्यांचे तट्टे बांधत होत्या. कुणी बोलत नव्हतं. समुद्र सपाट, तेल सांडल्यासारखा. एक म्हातारी आमच्या वाटेत उभी राहिली, सुमनच्या पोटाकडं तिनं बघितलं आणि तिचा दंड धरला. "आज नको जाऊ गो बाय," एवढंच म्हणाली. जिजींनी तिचा हात हलकेच सोडवला. वर पांढुरका ढग पसरला होता. "बरं झालं," जिजी म्हणाल्या, "लेकीला ऊन लागायचं नाय."

धर्मा तांडेल दांडगा, तिरसट माणूस. सुमनला बघितल्याबरोबर खेकसला, "पोटुशी बाई मी नाय घेत. वारा पडलाय. मला आवडत नाय हे."

"तू जाणार हायस का नाय आज?" जिजींनी विचारलं.

"मी जाणार."

"मग आमी बी."

त्यानं आभाळाकडं बघितलं, मग आपल्या दोन खलाशांकडं बघितलं. त्यालाही घरची ओढ होती, मचवा इथं अडकला तर पावसानं त्याचा चुराडा झाला असता. थुंकला आणि म्हणाला, "बसा. पर मी सांगंन ते ऐकायचं." प्रभाकररावांना रजा नव्हती. ते सडकेनं मागाहून येणार होते. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी सुमनला उचलून आत ठेवलं, आणि मचवा दूर जाईस्तोवर तिथंच उभे राहिले.

जिजी कुठं बसल्या असतील? मागं. सुकाणूच्या दांड्याजवळ, तांडेलाच्या पायाशी. "मास्तर," म्हणाल्या, "हळू घ्या."

सुरुवातीला सगळं इतकं निवांत की मला माझीच लाज वाटली. शीड लोंबत होतं, खलाशी वल्ही मारत होते, डाव्या अंगाला किनारा दिसत होता. जिजींनी मला हाक मारली, "इमल, बघ गं, पोटातलं पाणी हाललं नाय पोरीच्या. रस्त्यानं आणली असती तर?" सुमन मधल्या फळीला टेकून खाली बसली होती. ती हसली. मग वारा नसतानाच समुद्र हलायला लागला. लाटा फुटत नव्हत्या, सगळं पाणीच खालून वर यायचं आणि खाली जायचं, झोपलेल्या जनावराची बरगडी हलावी तसं. वल्ही मारणारा पोरगा सारखा मागं आभाळाकडं बघत होता. तिकडं वळून बघायचा मला धीर झाला नाही. सुमनच बघत होती. "काकू," ती म्हणाली, "तिकडं अंधार काहून पडलाय?"

भर दुपार होती.

पहिला झपाटा आला तो आवाजासकट. शीड एकदम फुगलं, डोलकाठी कुरकुरली, मचवा असा कलला की भाऊजी माझ्या अंगावर आले. धर्मा ओरडत होता, खलाशांनी शीड ओढून खाली घेतलं, हातभर तेवढं ठेवलं. आणि मग लाटा. ओढा नव्हता तो. पाणी अंगावर यायचं ते दगड मारल्यासारखं. भाऊजी तळात पालथे पडून ओकत होते. मी सुमनला दोन्ही हातांनी धरलं होतं, ती माझ्या कानात सारखं एकच म्हणत होती, "आईला बसायला सांग, आईला बसायला सांग." कारण जिजी उभ्या राहिल्या होत्या.

किनारा दिसत होता ना! तेच तर. पावसाच्या पडद्यातनं माड दिसत होते, टेकडीवरचं देऊळ दिसत होतं. हाकेच्या अंतरावर वाटावं इतकं जवळ. जिजी त्याच्याकडं हात करून ओरडल्या, "तिकडं घे! जमीन हाय ती!"

"खडक हायत तिथं! फळी ऱ्हाणार नाय!"

"जमीन दिसतीय मला! घे म्हणते ना!"

आणि धर्मानं मचव्याचं तोंड उलटं फिरवलं. समुद्राकडं, त्या काळोखाकडं. लाट अंगावर आडवी घ्यायची नाही, समोरून घ्यायची, असं त्याचं गणित. ते मला नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसलं की जमीन मागं पडतीय आणि हा माणूस आमच्या पोरीला आत घेऊन चाललाय. आमच्या मुलुखातलं कुणीही असतं तरी त्याला हेच वाटलं असतं. जमीन दिसली की जीव वाचला, एवढंच आम्हाला माहीत.

"माझं तोंड एकच हाय!" जिजी किंचाळल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी सुकाणूचा दांडा धरून स्वतःकडं ओढला.

मचवा आडवा झाला. पुढची लाट सगळीच्या सगळी आत आली. माझ्या हातातनं सुमन सुटली. मी तिला पकडायला गेले, पकडता आलं नाही, आणि ती पोटावर त्या मधल्या फळीवर आदळली. तिचा आवाज आला नाही. फळीचा आला.

धर्मानं जिजींना लाथेनं बाजूला केलं. हो, लाथेनं. आणि बरं केलं, नाहीतर आम्ही सगळेच तिथं संपलो असतो. त्यानं मचवा परत सरळ केला. कळशी केव्हाच वाहून गेली होती. जिजी गुडघ्यांवर सरपटत सुमनपाशी आल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि एक हात तिच्या पोटावर ठेवला. वादळ पुढं चाललं होतं, मचवा वर जात होता, खाली येत होता, पण त्या दोघी माझ्या डोळ्यांपुढं आहेत त्या अगदी स्थिर. सुमन आईकडं बघत होती. तिनं सगळं बघितलं होतं. मग मला दिसलं की जिजींचा हात एका जागी नाही. तो पोटावरनं सरकत होता. इथं थांबायचा, जरा दाबून बघायचा, मग तिथं. मग पुन्हा पहिल्या जागी. शोधत होता. मी तोंड फिरवलं.

वारा पडला, पाऊस राहिला. दिवस बुडताना आम्ही धर्माच्या गावच्या खाडीत शिरलो. तिथल्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. त्यांनी सुमनला तपासलं, आम्हाला बाहेर घातलं आणि बऱ्याच वेळानं येऊन सांगितलं, आई वाचली. मुलगी होती. श्वास घेतलाच नाही तिनं.

"कसं झालं हे?" त्यांनी विचारलं.

धर्मा दारात उभा होता, अंगावरनं पाणी निथळत होतं. तोच तिरसट माणूस खाली बघून म्हणाला, "लाटेनं झालं बाई. लाट आत आली."

"लाटेनं नाय," जिजी म्हणाल्या. "मी सुकाणू धरलं. माझ्या हातानं झालं."

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव आले, त्यांनाही त्यांनी हेच सांगितलं, ह्याच शब्दांत. आणि त्यानंतर त्या आपणहून याबद्दल कधी बोलल्या नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर भाऊजींनी त्यांना प्रभाकररावांनी घरनं आणलेल्या पाण्याचं भांडं दिलं. लेकीला आता मूल झालं होतं. रिवाज फिटला होता. जिजींनी भांडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ते पाणी प्याल्या. मला त्या रिवाजाची तिथंच शिसारी आली. अजून येते. माझ्या लेकीच्या लग्नात मी मांडवातच तिच्या सासरच्या घागरीचं पाणी मागून प्याले, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

सुमन नवऱ्याबरोबर परत गेली. आम्ही तिघं पडेगावला आलो. सालगडी सकाळी विचारायला आला, औंदा काय पेरायचं? जिजी म्हणाल्या, "मालकाला इचार." तो तसाच उभा राहिला, त्याला वाटलं चेष्टा आहे. त्या दिवसापासून घरात ज्याला जे करायचं ते तो करू लागला, आणि खरं सांगते, सगळ्यांचं वाटोळं व्हायला लागलं. मामंजी एकदा चिडून म्हणाले, "अगं सूनबाई, एकदा रागाव तरी आमच्यावर!" जिजी निवडलेलं धान्य परत निवडत बसल्या.

आणि लेकराला हात लावायचं त्यांनी सोडलं. कुणाच्याच. माझ्या धाकट्याचं बारसं झालं तेव्हा बाया म्हणाल्या, जिजी, तुम्ही थोरल्या, पाळण्यात तुम्ही घाला. त्या दारातच उभ्या राहिल्या. पोरगं रडून रडून काळंनिळं झालं तरी त्या लांबूनच "घ्या गं त्याला, घ्या कुणीतरी" म्हणायच्या. खालांनी एकदा त्यांना जवळ बसवून समजावलं. "अगे, समंदर था, तूफान था. तेरा क्या कुसूर?"

"हात माझा होता, खाला," जिजी म्हणाल्या. खाला मग नुसत्या त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

सुमनला काही वर्षांनी मुलगा झाला. बाळंतपण तिकडंच झालं. कुणी बोलावलं नाही, कुणी आणायला गेलं नाही. मग प्रभाकररावांची बदली नांदेडकडं झाली आणि निरोप आला की जाताना गाडी औरंगाबादच्या स्टँडवर थांबेल, येऊन भेटा. जिजी येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण सकाळी बघते तर नवं लुगडं नेसून ओसरीवर बसलेल्या.

स्टँडवर ही गर्दी. गाडी लागली, सुमन खिडकीतच होती. अंगानं भरली होती. आम्हाला बघून तिचे डोळे भरून आले. "आई!" म्हणाली. माझीच टकळी चालू, हवा कशी, बिऱ्हाड कसं. मग सुमननं एकदम मांडीवरचं पोरगं उचललं आणि खिडकीतनं बाहेर आईच्या पुढं केलं.

"आई, धर ना गं ह्याला."

जिजी एक पाऊल मागं सरल्या. दोन्ही हात पदराखाली.

"आई, धर." सुमनचा आवाज फुटला. "मी सांगते ना. धर."

पोरगं अधांतरी. गोरंगोमटं, पाय झाडत होतं, ह्या नव्या बाईकडं टकमक बघत होतं. जिजी पण त्याच्याकडं बघत होत्या, असं बघत होत्या की त्यांच्या आयुष्यात तेवढंच बघायचं राहिलं होतं. मला वाटलं, आता घेतील. आता घेतील. पदराखाली हात हलले, पण बाहेर आले नाहीत. सुमनचे हात भरून आले, पोरगं खाली झुकायला लागलं, तेव्हा मीच पुढं होऊन घेतलं. जिजींना नीट दिसावं म्हणून त्यांच्या समोर धरून उभी राहिले. गाडी सुटेपर्यंत तसंच धरलं.

त्यानंतर जिजी फार दिवस राहिल्या नाहीत. पण मला त्या शेवटच्या आठवतात त्या अंथरुणावरच्या नाहीत. गाडी गेली, आम्ही दोघी टांग्यात बसलो. छावणी मागं पडली. मग माझ्या हातांकडं बघत हळूच म्हणाल्या,

"इमल, जड हाय का गं पोरगं?"

"हाय की जिजी. चांगलं जड हाय. हात दुखायले माझे."

"व्हय?" म्हणाल्या. पडेगाव येईपर्यंत त्यांनी मला हेच आणखी दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.